तारेवरचा कोट

“ताणलेल्या तारेच्या रेषेत उभं राहायचं नाही, ताई. तार तुटली तर आवाज मागून येतो. तुम्ही दचकेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.”

मामांनी हे सांगितलं तेव्हा तिने मान डोलावली खरी, पण तिचं सगळं लक्ष कडेवरच्या पिटुकलीच्या मुठीकडे होतं. शेडमध्ये शिरल्या शिरल्या पोरीने कुठून तरी एक नट लांबवला होता आणि तो आता तोंडात जाण्याच्या बेतात होता. तिने मूठ उघडली, नट फळीवर ठेवला, ओल्या रुमालाने पोरीची बोटं एकेक करून पुसली आणि मग म्हणाली, “हो हो. ते बघतील हे सगळं.”

‘ते’ म्हणजे तिचा नवरा, गुरांचा डॉक्टर. जीप त्याची, रस्ते त्याचे, तेव्हा तारही त्यानेच बघायची, असा तिचा सरळ हिशेब होता. एरवी ती काळजीच्या बाबतीत कुणाला हार जाणारी नव्हती. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय पोरीला देत नसे. खिडकीच्या गजांमधून डोकं जाईल का, हे तिने आधी स्वतःची मूठ, मग नारळ घालून तपासलेलं. पोर शांत झोपली की नाकाशी बोट धरून श्वास चाललाय ना ते बघायची, आणि त्या बोटाने पोर जागी झाली की रात्रभर स्वतःला बोल लावत बसायची. तिच्या काळज्यांचं कपाट असं गच्च भरलेलं होतं. तारेला त्यात जागाच नव्हती.

ती इथे आली होती विंच घ्यायला. विंच म्हणजे गाडीच्या नाकाशी बसवलेला एक विजेवर चालणारा रहाटच म्हणा. त्याच्या ड्रमवर तार गुंडाळलेली असते. गाडी चिखलात रुतली की तार सोडायची, समोरच्या झाडाला अडकवायची, बटण दाबायचं, की गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढते. मागच्या आठवड्यात डॉक्टरांची जीप एका ओढ्यात अशी रुतली की कुणाचा तरी ट्रॅक्टर येईपर्यंत ते तिथेच अडकले, आणि इकडे पोर तापाने फणफणलेली. ते चिखलाने माखून घरात आले तेव्हा तिने पाण्याचा तांब्याही न देता सांगून टाकलं, एकतर गाडीला विंच लावा, नाहीतर ती डोंगरातली गावं सोडा. गावं सोडणं डॉक्टरांना जमण्यासारखं नव्हतं. “तू आणशील ती लावतो,” म्हणाले आणि न्हाणीघरात शिरले. म्हणून ती आली. आणि आली ती सगळं वाचून.

मामांनी विचारलं, गाडीचं वजन किती. तिने कागदावरचं वजन सांगितलं, त्यात औषधांच्या पेट्या, पाण्याचे कॅन आणि स्टेपनी मिळवली, कधीकधी आजारी वासरूही असतं तेही मिळवलं, आणि त्याच्या दीडपट ताकदीचा विंच हवा म्हणाली. शिवाय ताकद जी लिहिलेली असते ती ड्रमवर तारेचा एकच थर उरलेला असताना, वरच्या थरांवर ती कमी होत जाते, हेही सांगितलं.

मामांनी हातातला पाना खाली ठेवला. “एवढं सगळं माहितीय तर मला कशाला विचारताय?”

“मी वाचलंय. तुम्ही ओढलंय.”

मामांना हे आवडलं. त्यांनी एक स्टूल फडक्याने झटकून पुढे केलं.

त्या भागात रुतलेल्या गाड्या ओढून काढणं हे मामांचं आयुष्यभराचं काम. जुना ट्रक, त्याच्या पुढ्यात मोठा विंच, आणि कुणीही बोलावलं की निघायचं. दुधाच्या गाड्या, शाळेची बस, एकदा तर लग्नाची गाडी, नवरदेवासकट. आता वय झालं म्हणून दुसऱ्यांच्या गाड्यांना विंच बसवून द्यायचे. पण अडलेलं कुणी आलं तर अजूनही ट्रकची किल्ली उचलायचे. सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा. भाचा मात्र एकही नव्हता.

विंच ठरला. वाद झाला तो तारेवर. तिला तार नको, नवीन निघालेला विणलेला दोर हवा होता. तो हलका, हाताला न टोचणारा, आणि तुटला तरी तारेसारखा झेपावत नाही. मामांनी तिच्या एका हातात तारेचा तुकडा दिला, दुसऱ्या हातात दोराचा. दोर खरंच कापसासारखा हलका होता. मामा म्हणाले, चांगली वस्तू आहे, वाईट म्हणायचं काही कारण नाही. पण दगडाच्या कडेवर घासला तर सुरीने कापल्यासारखा जातो. आत वाळू शिरली तर आतून कुरतडला जातो. ऊन खातं त्याला. दर वापरानंतर धुवायचा, वाळवायचा, हाताने चाचपून बघायचा. “डॉक्टर करतील?”

तिने डॉक्टरांना डोळ्यांसमोर आणलं. स्वतःचे मोजे धुवायला टाकायची आठवण न राहणारा माणूस. “तारच द्या,” ती म्हणाली.

मग मामांनी आपली अट सांगितली. गाडी बसवून घ्यायला येईल तेव्हा बरोबर घरातलं काहीतरी जड, जुनं पाठवायचं. गोधडी, सतरंजी, काहीही. गाडी ओढताना ते तारेच्या मध्यावर टाकायचं. मग तार तुटलीच तर त्या वजनाने खाली बसते, उसळत नाही. याच कामासाठी बाजारात पिशव्या मिळतात हे तिने वाचलं होतं. ती तसं म्हणाली. मिळतात, मामा म्हणाले, माझ्याकडेही आहेत, पण त्या लोक सीटखाली टाकतात आणि विसरतात. घरची वस्तू विसरत नाहीत. “आणि ती जो घरी वाट बघतो त्याने द्यायची. मी तशीच गाडी सोडतो. नाहीतर सोडत नाही.”

तिला हसूच आलं. म्हातारा माणूस, असते एखादी लहर. घरी येऊन तिने हाताला लागली ती एक विरलेली चादर डॉक्टरांबरोबर पाठवून दिली. मामांनी चादर घडी घालून परत धाडली, वर निरोप, की ताईंना म्हणावं, ही माशीसुद्धा खाली बसवणार नाही.

“काय मागतोय तरी काय तो?” सासूबाईंनी विचारलं. तिने हसत हसत सगळं सांगितलं. सासूबाई हसल्या नाहीत. उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, पेटीचं झाकण कुरकुरलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर सासऱ्यांचा कोट होता. सासरे मालधक्क्यावर पहारेकरी होते. त्यांचा हा थंडीचा कोट म्हणजे एक प्रकरणच होतं. जाडजूड लोकर, गुडघ्याखाली येणारा, पितळी बटणांचा, आणि असा जड की खुंटीला टांगला तर खुंटीच निघून यायची. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. कोटाला दर हिवाळ्याच्या आधी ऊन दाखवलं जायचं आणि परत पेटीत. तिला तर त्याला हात लावायचीही भीती वाटे.

“आई, तो कशाला? तारेवर टाकायचाय तो. ग्रीस लागेल, फाटेल.”

“तुझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचा माल राखला,” सासूबाई म्हणाल्या. “आता जरा घरच्यांना राखू देत. पेटीत पडून तरी काय करतोय.”

मामांनी कोट हातात तोलून पाहिला, आणि त्याच संध्याकाळी गाडी सोडली.

पुढचे काही महिने विंचने आपलं काम चोख केलं. डॉक्टर वेळेवर घरी येऊ लागले. तार हा विषय तिच्यापुरता मिटला.

मग तो दिवस आला. डोंगरापलीकडच्या एका वस्तीवर डॉक्टरांना गुरांना लसी टोचायला जायचं होतं. सुट्टीचा वार, हवा छान, तेव्हा सगळेच निघाले, सासूबाईसुद्धा. वाटेत ओढा होता. जीप ओढ्यात उतरली आणि पलीकडचा चढ चढताना मागची चाकं पाझराच्या निसरड्या मातीत गरगरायला लागली. डॉक्टरांना यात काही नवीन नव्हतं. सगळ्यांना खाली उतरवून त्यांनी तार सोडली, वर चढून एका दांडग्या झाडाच्या बुंध्याला रुंद पट्टा गुंडाळला आणि त्यात तारेचा हूक अडकवला.

ऊन चढलं होतं. पिटुकलीची टोपी घरी राहिली होती, आणि ते लक्षात आल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरीचे गाल लाल दिसत होते. आसपास खुरटी झुडपं. सावली म्हणावी अशी एकाच झाडाची. पोरीला घेऊन ती चढण चढली आणि त्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. त्याच झाडाखाली. तिच्या कमरेशी, बुंध्याला, तो पट्टा होता. पट्ट्यातून निघालेली तार सरळ खाली जीपच्या नाकापर्यंत गेली होती. ती तारेच्या रेषेत उभी होती आणि पोरीच्या डोक्यावर ऊन येत नाही ना, हे बघत होती.

डॉक्टर गाडीत बसणार, इतक्यात बाजूच्या दगडावर टेकलेल्या सासूबाईंनी विचारलं, “कोट कुठंय?”

“असू दे आई, एवढासा तर चढ आहे.”

“मग त्यांना काय पेटीतून काढून फिरायला आणलंय?”

डॉक्टर आईपुढे नाही म्हणणाऱ्यातले नव्हते. त्यांनी मागून कोट आणला आणि तारेवर टाकला.

“असा नाही. बटणं लाव. घसरेल तो.”

तारेला कोट घालून त्याची बटणं लावणारा डॉक्टर बघून तिला झाडाखाली हसू फुटलं. कॉलरही ताठ करा म्हणावं, असं ती पोरीच्या कानात म्हणाली. डॉक्टर गाडीत बसले. विंच घुरघुरू लागला. तार ताठली, कोट हवेत उचलला गेला, बाह्या लोंबत राहिल्या. जीप जराशी हलली. पुन्हा हलली.

तिने आधी पाहिलं आणि मग ऐकलं. मामा म्हणाले होते तसंच. कोट एकाएकी तिच्या दिशेने निघाला, जमिनीवर आदळला, चिखल उडवत फरफटत आला आणि थांबला. आणि मग, जणू दुसरीकडेच कुठेतरी, बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला.

जीप घसरून ओढ्यात परत गेली आणि तिथे टेकली. पिटुकली टाळ्या वाजवत होती. तार ड्रमपाशी तुटली होती आणि तिचं सगळं लांब शेपूट झाडाकडे झेपावलं होतं. मातीत एक खोल रेघ उमटली होती. रेघ सरळ तिच्याकडे आली होती आणि कोटापाशी संपली होती. कोट पाठीवर उताणा पडला होता, खांद्यापासून खिशापर्यंत फाटलेला, आणि त्याचं वरचं एक बटण तेवढं अजून लागलेलं होतं.

ती तशीच खाली बसली. पोरीला घट्ट धरून. सासूबाई धापा टाकत चढून आल्या. त्यांनी आधी नातीला चाचपलं, मग सुनेला, आणि मग वाकून कोटाची कॉलर नीट केली. “बरं झालं हो आलात,” त्या कोटाला म्हणाल्या.

जीप शेवटी ट्रॅक्टरनेच बाहेर काढावी लागली. दुसऱ्या दिवशी ती एकटी, पोरीला घेऊन, मामांच्या शेडवर गेली. काय म्हणायचं ते वाटेत जुळवलेलं सगळं दारातच विसरली. तिने फाटलेला कोट आणि तारेचा तुटका तुकडा फळीवर ठेवला आणि म्हणाली, “तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. माझी पोर आज आहे ती तुमच्यामुळे.”

मामा अवघडले. त्यांनी कोट उलटापालटा केला. तारेचा तुकडा उजेडात धरून बघितला. तुटल्या जागी तो चपटा झाला होता. मागच्या वेळी सैल गुंडाळली गेली असणार, म्हणाले, मग ओढताना वरची तार खालच्या थरांत घुसते आणि चेपते. सगळ्यांकडून होतं असं, डॉक्टरांना बोलू नका. आणि आभार कसले, कोट तर तुमच्याच घरचा.

“पण मागितला तुम्ही. कसं सुचलं तुम्हाला हे, घरचं मागायचं?”

मामांनी मान वळवली. शेडच्या मागच्या भिंतीवर, दाराजवळ, एका मोठ्या खिळ्यावर एक खाकी पँट लटकत होती. तिने ती पहिल्या दिवशीही पाहिली होती, वाळत घातली असेल असं समजून. ती वाळत घातलेली नव्हती. दोन्ही पायांची टोकं शिवून बंद केली होती, कंबरही शिवली होती, आणि आत वाळू ठासून भरली होती. टाके बारीक, सारखे, दोराही खाकीच.

“हिने शिवली,” मामा म्हणाले. “तारेवर घोड्यावर बसल्यासारखी बसते, पडत नाही. लोक हसायचे. म्हणायचे, मामा, आज अर्धाच माणूस बरोबर आणलात? मी पण वैतागलो होतो. ही म्हणाली, मला काही तुमच्याबरोबर चिखलात येता येत नाही. ही येईल. काम झालं की दोघं परत या.”

एवढं बोलून ते पाना शोधायला लागले. पाना समोरच होता. बायको जाऊन किती काळ झाला, हे तिने विचारलं नाही. पँटच्या गुडघ्यांवर ठिगळं होती, आणि सर्वांत वरचं ठिगळ तेवढं वेड्यावाकड्या टाक्यांचं होतं. ते मामांनी स्वतः लावलं असणार.

त्या दिवशी तिने दोर घेतला. संध्याकाळी डॉक्टर जीप घेऊन आले तेव्हा मामांनी विंचच्या पुढचे रूळ काढून दोरासाठी लागतं ते गुळगुळीत तोंड बसवलं, हूकजवळ दगडापासून वाचवणारी खोळ चढवली आणि परत विचारलं, धुणार कोण, बघणार कोण. ती म्हणाली, मी. मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या कडेवरच्या पोरीकडे, जिची नखं कापलेली, केस विंचरलेले, आणि हातात फळीवरचा एकही नट नव्हता.

“मग चालेल,” ते म्हणाले. “तुमचा स्वभाव दोरासाठीच केलाय, ताई. तारेला शूर माणूस लागतो. दोराला काळजीवालं.”

तिच्या काळजीला आजवर सगळे हसले होते. आई, मैत्रिणी, डॉक्टर तर रोजच. तिचा काही उपयोग आहे असं कुणी पहिल्यांदाच म्हणालं होतं. घरी येईपर्यंत तिचे डोळे दोनदा भरून आले.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी सकाळी अंगणात दोर पसरायचा. ती बादलीत बुडवून धुवायची आणि मग बोटांमधून इंच इंच सरकवायची, पोरीच्या केसांतली गुंत शोधावी तशी. कुठे धागा उसवलाय का, कुठे कडक झालाय का, चकाकी आलीये का. पिटुकली दुसरं टोक धरून बसायची. सासूबाईंनी कोट सांधला आणि तो पेटीत न जाता जीपमध्येच राहिला. दोर असला तरी त्याच्यावर कोट पडायचाच. डॉक्टर आता न सांगता बटणं लावायचे.

आणि ती मामांकडे जात राहिली. कधी खोळ घ्यायला, कधी उगाच. एकदा गेली तर शटर अर्धं वर, आत कुणी नाही, ट्रक नाही, खिळा रिकामा. मामा कुठेतरी गाडी काढायला गेले होते. शेजारच्या चहावाल्याला माहीत नव्हतं कुठे. त्यालाच काय, कुणालाच माहीत नव्हतं. ती पोरीला घेऊन स्टुलावर बसून राहिली आणि तेव्हा तिला उमगलं, की घरी वाट बघणाऱ्याकडून वस्तू मागणाऱ्या या माणसाची वाट बघणारं आता कुणीच नाही. मामा परतले ते चिखलाने भरलेले. तिला बघून दारातच थबकले. तिने सरळ सांगितलं, यापुढे निघताना मला फोन करायचा, कुठे चाललात ते सांगायचं, आणि आलात की पुन्हा करायचा.

मामांनी पँट खिळ्यावर टांगली. त्यांना त्याला बराच वेळ लागला.

“सवय मोडली होती, ताई,” ते म्हणाले.

पण करू लागले. फोनवर एकच शब्द असायचा. “निघालो.” आणि नंतर, “आलो.” कधीकधी विसरायचे, मग तीच करायची, आणि ते आज्ञाधारक पोरासारखे म्हणायचे, “आलो, आलो, हात धुवत होतो.”

आता डॉक्टरांची बदली झाली आहे. नवीन गाव लांब आहे. तिथून उठून शेडवर जाणं होत नाही. निघायच्या दिवशी सगळे मामांना भेटून आले. मामांनी दोर स्वतःच्या हाताने तपासून दिला आणि कुठेच खोट काढता आली नाही म्हणून जरा हिरमुसले. फोन अजून येतात. पण मामांना हल्ली कमी ऐकू येतं, कधी तिकडून नुसतीच घरघर येते आणि बंद होतं. ‘निघालो’ आलेलं असतं आणि ‘आलो’ येत नाही. मग ती दोर हातात धरून अंगणात बसते आणि तिच्या बोटांना काही समजेनासं होतं.

म्हणून तिचं तुम्हाला एक सांगणं आहे. तुम्ही त्या बाजूने जाणार असाल, तर गावाबाहेरच्या वळणावर पत्र्याची शेड आहे, शेजारी चहावाला. गाडीचं काही काम नसलं तरी थांबा. आत मागच्या भिंतीवर खिळा दिसेल. त्यावर खाकी पँट असेल तर मामा घरी आहेत. दोन शब्द बोला, जरा मोठ्याने, आणि जा आपल्या वाटेने. खिळा रिकामा असेल तर मात्र लगेच निघू नका. स्टूल असेल तिथेच. फडक्याने झटका आणि बसा थोडं, दोघं परत येईपर्यंत.